अभ्रा

सेंट ब्रेंडन चर्चच्या मागचं पार्किंग, मार्चमधला शनिवार.
एरी सरोवरावरून येणारा वारा कानशिलं सोलून काढतोय.
पोलिसांनी नारिंगी शंकू मांडलेत, एक टेबल, त्यावर पत्र्याचा ट्रे,
आणि पाटी : नाव विचारणार नाही.
पिस्तुलाला शंभर डॉलरचं किराणा-कार्ड,
लांब नळीच्या बंदुकीला पन्नासचं.

मी फुटपाथवर, पांढऱ्या रेघेच्या एक पाऊल अलीकडे.
पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलंय : रोख. जास्त.
मला इथून हलवता येत नाही,
सार्जंट ओकाफोरनं कायदा दोनदा वाचून पाहिलाय.
आता तो माझ्याकडे बघतो,
दुकानाबाहेर बसलेल्या मांजराकडे खाटीक बघतो तसा.

खोटं कशाला बोलू, मला त्यांच्या भट्टीचा राग येतो.
एकोणतीस वर्षं लेथवर उभा होतो,
पोलाद कुणी मन लावून घासलंय ते मला बोटांनी कळतं.
आणि हे लोक दुपारी सगळं एका पिंपात ओततात,
सोमवारी वितळवतात.
गेल्या वर्षी एका म्हाताऱ्याच्या ब्लँकेटमधून
अठराशे शहाण्णवची दुनळी निघाली,
अक्रोडाचा दस्ता, त्यावर हातानं कोरलेली बदकं.
पन्नास डॉलरात जाणार होती,
म्हणजे चार कोंबड्या आणि थोडं दूध.
मी दोनशे दिले. तो रडला.
मीही, जवळजवळ.

आज सकाळपासून फुटकळ माल.
गंजलेली, घोडा तुटलेली, एक तर खेळण्यातलंच.
विशीतल्या एका पोरानं गाडीची काच अर्धी खाली करून विचारलं,
"विकतासुद्धा का?"
नाही म्हटलं.
"पण घेता कुणाकडूनही," तो म्हणाला,
आणि काच वर गेली.

मग ती आली. पायी.
हातात उशीचा अभ्रा, निळ्या जहाजांचा, धुऊन धुऊन विटलेला,
तळाशी ओझं.
बघू? मी म्हटलं.
तिनं अभ्र्याचं तोंड उघडलं, पिशवीतली भाजी दाखवावी तसं.
सहा गोळ्यांचं पिस्तूल, निळसर, चार इंची नळी,
एक ओरखडा नाही.
माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हे लिहून ठेवतो.
"साडेतीनशे," मी म्हटलं. नोटा काढल्यासुद्धा.
आणि सवयीनं विचारलं, सगळ्यांनाच विचारतो,
"चालतं का?"

"एकदा चाललं," ती म्हणाली.

वारा पुठ्ठा माझ्या गुडघ्यावर आपटत होता.
"तुम्ही घेतलंत तर कुठे ठेवाल?"
काचेच्या कपाटात, मी म्हटलं. मखमलीवर. कुलूप असतं.
"आणि दिवा?"
असतो. छोटा.
तिनं मान हलवली,
विचारत विचारत आलेल्या माणसाला पत्ता सापडावा तशी,
आणि रेघ ओलांडली.

टेबलामागे सार्जंट उठून उभा राहिला, टोपी काढली.
"मिसेस ट्रास्क," तो म्हणाला.
नाव विचारणार नाही, असं पाटीवर होतं.
त्याला विचारावं लागलं नाही.

ट्रेमध्ये पोलाद वाजलं.
कार्ड तिनं घेतलं की नाही ते मला दिसलं नाही,
मी नोटा मोजत होतो. बरोबर होत्या. पुन्हा मोजल्या.
अभ्रा मात्र तिनं परत मागून घेतला.
शंकूंपाशी उभं राहून दोनदा झटकला,
आत पावाचा चुरा राहिल्यासारखा,
घडी घातली, घडीची घडी,
आणि कोटाच्या आत ठेवून आली तशी पायी गेली.

ते साडेतीनशे अजून वेगळ्या खिशात आहेत.
संध्याकाळी कपाटापाशी गेलो, रोज जातो,
बटणावर बोट ठेवलं,
आणि तसाच उभा राहिलो,
अंधारात बदकं दिसतात का बघत.