टाचेचा शिक्का

एकेचाळीस दिवस चाललं आमचं राज्य,
तेरणेकाठच्या सतरा गावांचं.
करोडगिरीचा नाका ओस पडला होता,
तिथं काशिलिंग मास्तरानं घोंगडं अंथरलं
आणि म्हणाला, ही कचेरी.

वय चोवीस. चष्म्याचं एक भिंग फुटलेलं.
रोज पहाटे एक हुकूम लिही,
मी हलगी शेकून निघायचो.
ऐका हो ऐका,
लेव्ही बंद. वेठ बंद.
कुणी कुणाला मालक म्हणायचं नाही.
फसली सन गेला, आजपासून सन एक.
कसेल त्याची जमीन, मोजायची मोटेच्या नाड्यानं.
नाडा भिजला की आखडायचा, वाळला की सैल,
निम्मी भांडणं त्यातच.

शिक्का गेनबा चांभारानं कोरला,
जुन्या चपलेच्या टाचेत.
पहिल्यांदा अक्षरं उलटी उठली, मास्तर हसला.
त्याचं हसणं तेवढंच आठवतं.

हुकूम नववा: विहीर सगळ्यांची.
सोळा गावांत वाजवला, पुढं कुणी झालं नाही.
सतराव्यात मास्तर म्हणाला, आधी तू पी.
पोहरा मीच शेंदला.
पाणी मचूळ निघालं.
ह्याच्यासाठी का, असं मनात आलं
आणि मी ते कुणाला बोललो नाही.

सव्विसाव्या दिवशी कातडं शेकलंच नाही,
आवाज भद्द आला.
गेनबानं रझाकाराचे बूट शिवले होते,
हाली बारा आण्याला.
शिवलेस? मास्तरानं विचारलं.
फाटके होते, गेनबा म्हणाला.
कागदावर शिक्का त्याच्याच हातचा,
सुलटा, ठळक.
गोळी नदीच्या अंगाला झाली.
मी तोंड फिरवलं असं लोकांना सांगतो.
फिरवलं नव्हतं.

मग फौज आली. आमचं राज्य
मोठ्या राज्यात विरघळलं, मीठ विरघळावं तसं.
मास्तर कुठं गेला
ते तिघं तीन तऱ्हांनी सांगतात.
जमिनी ज्यांच्या होत्या त्यांच्याकडं गेल्या.
वेठ मात्र पुन्हा आली नाही,
हेही सांगायला पाहिजे.

पुढं पेन्शनीला पुरावा मागितला.
फडक्यात बांधून टाच तालुक्याला नेली.
कारकुनानं गाठ सोडली, नाक मुरडलं:
बाबा, चप्पल बाहेर.

ठेवली बाहेर.
परत आलो तर तिथंच होती,
एकटी टाच कोण नेणार?
गेनबाच्या पोराला द्यावी म्हणतो.
त्याच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो.