उजवा गुडघा

कुताइसीच्या जुन्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
बातोनो ओतिया, वय एकाहत्तर.
तीस वर्षं हे गृहस्थ हवेत उडून
गुडघ्यांवरच उतरत आले,
ढोलाच्या ठेक्याला, लाकडी रंगमंचावर.
आज डावा गुडघा बदलायचा.

"पाठ मांजरासारखी फुगवा," मी म्हणते.
ते कुशीवर, पाय पोटाशी.
मणके बोटांनी चाचपत खाली येते,
कमरेचा तिसरा, चौथा, मधली फट.
मज्जारज्जू याच्या वरच संपलेला,
इथे नुसत्या मुळांची शेपटी.
सुई चिवट पडद्याशी अडते,
अंगठ्याखालची पिचकारी हट्टाला पेटते
आणि एकदम नमते,
आतून कुणी कडी काढावी तशी.
इथेच थांबायचं.
पुढचा पडदा आपला नाही.

आधी जातो गारवा.
मांडीवर बर्फाचा खडा: "ओलं लागतंय. गार नाही."
मग टोचणं.
मग ते पाय उचलतात,
आणि पाय उचलला जात नाही.

गुडघ्याखाली हातोडी. काही नाही.
पुन्हा. काही नाही.
टाच मात्र अजून दचकते,
तिचं मूळ जाड, उशिरा झोपणारं.
एरवी ही हाक डोक्यापर्यंत जायला थांबत नाही,
मांडीतून मज्जेत, मज्जेतून माघारी,
मालकाला मागून कळतं.
मज्जा आताही जागीच असेल,
उंबऱ्यावर कुणी येत नाही इतकंच.

"डॉक्टर, माझे पाय सरळ करा ना."
सरळच आहेत. त्सियाला चादर वर करून दाखवते.
"नाही. वाकलेत. मला कळतंय ना."
शेवटचा निरोप पोचला तेव्हा वाकलेले होते,
त्यानंतर टपाल बंद.
त्सियाला हसते, मग हसायची थांबते.
ते छताकडे बघत पडलेले,
आणि कुठेतरी दबा धरून बसलेले,
उडीच्या आधीच्या पवित्र्यात.
हिरव्या पडद्यापलीकडे करवत सुरू होते.

संध्याकाळी खिडकीत रिओनीचे पांढरे दगड.
डाव्यावर बँडेज, म्हणून उजव्यावर हातोडी.
पाय उडतो, चादरीसकट.
"हे मी नाही केलं," ते घाईने म्हणतात,
काच फोडलेल्या पोरासारखे.
"माहीत आहे."
मी तक्त्यावर नोंद करते, वेळ लिहिते.
बऱ्याच वेळाने:
"तेव्हाही मी नसायचोच."
आणि मग,
"पुन्हा मारा बरं."