मागची पानं

वही बर्फाची आहे.
पुढून उघडली तर लाद्या, दर, होडीचं नाव, उधारी.
मागून उघडली तर क्लब.

हर्णै आइस हॉकी क्लब. अक्षर माझंच,
शाई तेव्हाची निळी,
मुनीम म्हणून मला चौथा महिना.

खूळ इसहाक मुकादमचं.
चौदा वर्षं बोटीवर खलाशी,
एकदा हॅलिफॅक्सच्या बंदरात बोट अडकली
आणि त्यानं पाहिलं :
माणसं पाण्यावर उभी राहून भांडतात
अन् बघायला लोक तिकीट काढतात.
येताना बूट घेऊन आला. पात्याचा. एकच, डावा.
उजव्याचं विचारलं की म्हणे,
"तो पत्त्यांत गेला."

मे सरता सरता होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या.
मग बर्फाला गिऱ्हाईक नाही.
टाकीत उरलेल्या लाद्या, त्या वर्षी एकशे बारा,
चिमट्यांनी ओढून गोदामात अंथरायच्या,
फटींत चुरा, चुऱ्यावर पाणी.
मीठ नाही! हे तीनतीनदा सांगायचं,
कारण काशिनाथ पावसेचा हात
बर्फ दिसला की मिठाकडे जायचा.

काठ्या झावळीच्या, बुडाशी मुळातच वाकड्या.
चकती म्हणजे कॉम्प्रेसरचं झिजलेलं रबर.
पायांत गोणपाट, सुतळीनं आवळलेलं.
गोल म्हणजे मासळीच्या दोन पाट्या.
बूट ज्याचा तो गोलकीपर,
इसहाक उभा, एका पायावर, बगळ्यासारखा.

पंच मथुरी चोगले.
तिच्या लिलावाची हाक
सुवर्णदुर्गाला आपटून परत यायची.
तिनं "एक वार, दोन वार" म्हटलं
की हाणामारी थांबे,
"तीन वार"ला काठ्या खाली.

समोर आंजर्लेकर,
तरीतून जोग नदी ओलांडून आलेले,
ओल्या लेंग्यांचे, तोंडानं फटकळ.

पहिल्या वर्षी आम्ही तीन, ते पाच.
दुसऱ्या वर्षी निकाल नाही,
अमोनिया गळला, सगळे रडत बाहेर,
वामन तवसाळकर एकटाच आत, व्हॉल्व्ह आवळत,
आणि बाहेर येऊन विचारतो, "गोल कुणाचा?"
तिसऱ्या वर्षी काशिनाथ मधल्या फटीशी अडखळला,
पडता पडता मारलं,
चकती इसहाकच्या दोन पायांतून, आमच्याच गोलात.
वहीत मी 'आवक' लिहिलं. दुसरा शब्द सुचला नाही.

पैसे मिळायचे. हे मी सगळ्यांना सांगतो, कुणी मानत नाही.
भिकूशेठ गड्यामागे पाच रुपये देत,
खातं : किरकोळ दुरुस्ती.
म्हणजे आम्ही धंदेवाईक होतो, शौकीन नव्हे.
उत्तरार्ध मात्र आम्ही कधी खेळलो नाही.
पाऊण तासात घोटाभर पाणी,
मग दोन्ही संघ पाय बुडवून
चहा पीत बसायचे, भिंतीला टेकून,
आणि लाद्या हळूहळू एकमेकींपासून सुटायच्या
कुणी काही न बोलता.

नऊ वर्षं.
मग कारखान्यात चुऱ्याचं मशीन आलं.
बर्फ आता पोत्यात भरतात, साखरेसारखा.
शुभ्र, स्वस्त, एकावर एक न राहणारा.
क्लब बंद झाला, असं कुणी म्हटलं नाही.
लादीच निघत नाही,
तर कुठे उभं राहणार?

काशिनाथ लेकाकडे उरणला.
मथुरीचा आवाज बसला, तरी बोली तीच लावते.
इसहाक गेला तेव्हा मी मुकादमांच्या घरी गेलो होतो.
ओटीवर त्याची सून सुरमई चिरत बसलेली.
मोरळीचं पातं ओळखीचं वाटलं,
लांब, सरळ, टोकाशी किंचित वर वळलेलं.
धार अजून आहे, ती म्हणाली.
बुटाचं मी विचारलं नाही.

शेवटच्या वर्षाचे त्याचे पाच रुपये राहिलेत.
पुढच्या वेळी दे, म्हणाला होता.
दर एक एप्रिलला मी नवी वही मागून उघडतो,
आणि मांडतो :
इसहाक मुकादम, गोलकीपर, देणे रु. ५.
मागील बाकी.