गट पाडताना

गुदैबियात, ताम्हाणेंच्या हॉलमध्ये, शुक्रवारी
एसीच्या घरघरीखाली आम्ही गट पाडले.
जेवणाला अकरा जण. नाटकाला तर
नको म्हणायची वेळ आली.
हिशेबाला दोघंच, तेही एकमेकांवर नजर ठेवून.

वहीत एक रकाना उरला, बिनमथळ्याचा.
गेल्या वर्षी सित्राच्या कॅम्पातला पोरगा
चार दिवस इस्पितळात
कुणाचाच नसल्यासारखा पडून होता,
त्यानंतर आखलेला.
रात्री दोनला फोन कोण उचलणार,
एवढंच विचारलं मी.

कुणी चहाचे कप गोळा करायला उठलं.
कुणाला आठवलं, पार्किंग संपत आलंय.

परकार मागच्या खुर्चीत. सभेत बोलत नाहीत,
सतरंज्या घालतात, झटकून घडी करतात.
म्हणाले, "माझी झोप तशीही पातळ.
लिहा."

लिहिलं. गट म्हणजे माणूस एक.
वही मिटणार, तोच ताम्हाणेंची सून
स्वयंपाकघरातून हात न पुसताच आली:
"अरबी येतं मला. गाडी नाही."

"गाडी आहे," परकार म्हणाले.

तिचं नाव तिनेच लिहिलं.
ओल्या बोटाखाली शाई जरा फुटली,
शेजारच्या हिशेबाच्या रकान्यात गेली.