शेगडीची जागा

कालिंदी सोमवारी येणार.
नववा लागलाय. जावई भोपाळहून गाडीने आणून सोडतील.
हळू चालवतो, म्हणाले, देवासला चहाला थांबू.

लोकमान्य नगरातल्या या घराला दोन खोल्या.
एकीत मी.
दुसरी बंद आहे असं नाही,
चार वर्षं तिकडे कुणी जात नाही, इतकंच.

पोरवाल भाभींनी दारातूनच यादी सांगितली,
मी विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतली:
डिंक, अळीव, बाळंतशेपा, वेखंड, ओवा धुरीपुरता,
जुनी सुती पातळं, धुतलेली, कडक उन्हात वाळलेली.
“और भाईसाब, कमरे में चूना करवा लेना.”
कमरा कोणता, ते त्या बोलल्या नाहीत.
मी विचारलं नाही.

पस्तीस वर्षं मीटरचं रीडिंग घेत हिंडलो,
लोकांच्या जिन्यांखाली, टॉर्च घेऊन.
बाळंतपणातलं मला काय कळतं?
कालिंदीच्या वेळी एम. वाय.च्या व्हरांड्यात
थर्मास धरून उभा होतो.
तोही, शालन म्हणायची, तिरका.

मारोठिया बाजारात अळीव तोलताना दुकानदार म्हणाला,
“बहू के लिए?”
“बेटी के लिए.”
त्याने मूठभर वर टाकले.

रविवारी पहाटे लागलो.
पलंगाखालून निघालं ते असं:
रबरी नळी, चुरगळलेला मास्क,
छातीचे एक्स-रे, एकावर एक चिकटलेले,
आणि आठवड्याच्या गोळ्यांची डबी.
गुरुवारपर्यंत रिकामी.
शुक्र, शनि, रवि भरलेले.

साडेसातला पिवळी गाडी आली,
तिचं गाणं गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येतं.
ओल्या-सुक्यात इंदूरचा माणूस चुकत नाही,
पण मी ती डबी घेऊन फाटकाशी नुसता उभा.
“दवाई है? इधर, अंकल,”
गाडीवरच्या पिंकीने तिसऱ्या कप्प्याचं झाकण उचललं.
मग झाकण धरून ठेवलं तिने.
मग म्हणाली, “अंकल, पूरी गली बाकी है.”

दुपारी पातळं घेऊन बसलो.
कपाटातल्या वरच्या कोऱ्या साड्या नकोत, त्या बोचतात.
खालच्या पाहिजेत, दहा-दहा वर्षं धुतलेल्या,
ती महेश्वरी, जिचा पदर पार विरलाय.
कात्री लावू नका, भाभींनी बजावलं होतं,
दातांनी जराशी चीर द्या आणि फाडा.
पहिल्या पातळाचा आवाज फार झाला.
उठून रेडिओ लावला.
बावीस दुपटी निघाली. लंगोट मोजले नाहीत.
काठ जाड म्हणून वेगळे काढले.
काठांचं काय करायचं, ते यादीत नाही.

चुना झाला. जाळी धुतली. बाज उन्हात टाकली,
ढेकूण नव्हते, तरी उकळतं पाणी ओतलं.
राहिलं ते फरशीवरचं वर्तुळ,
सिलिंडर जिथं उभा असे त्या जागी, गंजाचं.
लिंबू, चिंच, ॲसिड, विटेचा तुकडा.
फिकं झालं.

रात्री फोन.
“कुठली खोली, बाबा?”
“उन्हाची,” मी म्हणालो. “सकाळी पार बाजेपर्यंत येतं.”
पलीकडे पंखा चालू होता की तिचा श्वास, कळेना.
“बरं,” म्हणाली. “मग गारठा नसेल तिथं.”

पोरवालांच्या माळ्यावरून शेगडी आणली,
बाळाच्या शेकासाठी, लोखंडी, तीन पायांची.
पडद्यापासून लांब हवी,
बाजेच्या पायथ्याशी, खिडकीची फट जवळ.
ठेवून मागं सरलो
तर नेमकी त्या वर्तुळात.

उचलून दाराकडे ठेवून पाहिली.
तिथून धूर बाजेवर जाईल.
कोपऱ्यात ठेवली, तर मला वाकता येईना.
परत आणली.

वर्तुळ थोडं मोठंच आहे,
शेगडीभोवती बोटभर दिसतं.
दिसू दे.
निखारा सांडला तर तेवढी फरशी
आधीच डागाळलेली आहे.