हजार लिटरमागे

रात्री साडेअकराला नहरवाल्यांचा व्हॉल्व्ह बंद केला.
सतरा आटे. मी मोजतो, सवय आहे.
बावीस वर्षं पहाटे चार-चाळीसला उघडला, सातला बंद केला,
आणि दर वेळी बाराव्या आट्यावर तो कुरकुरायचा,
उकिडवं बसून उठणाऱ्या माणसासारखा.
काल कुरकुरला नाही.
दुपारी मीच ग्रीस लावलं होतं. उगाच.

मार्चात ठरलं, शाळेच्या वऱ्हांड्यात.
हेडाऊ मॅडम, ट्रेझरीतून रिटायर,
फळ्यावर दोन आकडे लिहून पदराला खडू पुसत उभ्या:
नहरवाले, हजार लिटरमागे अठरा रुपये चाळीस.
नदीवाले, चौदा दहा.
"घरटी महिन्याला शहाऐंशी वाचतात."
मागून कोणी म्हणालं, दोन प्लेट तर्री-पोहे,
अन् वरून सहा रुपये उरते.
हशा.

कवडूजी नंदनवार उठले, टोपी सारखी केली.
"नदीचं पानी जड हाय, मॅडम.
कूलरच्या खसवर पांढरी खपली धरते.
माही साळी राह्यते तिकडं, कामठी रोडले,
तिची तुरीची डाळ दीड तास शिजत नाही."
"डाळीला गॅस किती जास्त लागतो ते सांगा,
मी वजा करते," मॅडम म्हणाल्या,
आणि खरंच वजा केला.
एकोणऐंशी उरले.
साळीचं नाव विचारलं नाही कोणी.

हात वर झाले. माझा नाही,
मी पगारी माणूस, कोपऱ्यात सतरंजी धरून.

काल संध्याकाळी बोकडे साहेब आले शेवटचं रीडिंग घ्यायला.
चष्मा कपाळावर, आकडा मोठ्यानं वाचला,
मी लिहिला, दोघांनी सही केली.
दराबद्दल बोलले नाहीत.
पोराचं लग्न जमलं, तुमसरची मुलगी आहे, म्हणाले.
याच माणसानं एका मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
कुठंही न लिहिता दोन तास जास्त सोडलं होतं, नऊ दिवस.
ते मला आठवलं.
मग हेही आठवलं, की याच्याच ऑफिसनं
तीन वर्षांत दोनदा दर वाढवला,
आणि त्या दुसऱ्या वाढीत
शेवटच्या गल्लीतल्या शेवंता उईकेचा नळ कापला गेला.
कापला गेला म्हणजे मी कापला.
बाकी चारशे दहा. पाना माझा. ती दारात उभी होती
आणि मी खाली पाहून कामात होतो.

आज चार-चाळीस.
नवीन लाईन, निळा पाईप, चाकावर अजून प्लास्टिक.
आधी नुसती हवा आली, बराच वेळ,
गल्लीभर नळ खोकत राहिले.
मग गढूळ. मग कमी गढूळ.
मग पाणी.
ओंजळीत घेऊन प्यायलो. वेगळं लागलं,
जिभेच्या कडेला थोडं, पितळी चमचा चाटल्यासारखं.
वाईट नाही. सकाळपर्यंत सवय होईल,
डाळीचं दुपारी कळेल.

नंदनवारांच्या घरी लाईट लागला.
बादलीचा आवाज. मग कवडूजींचाच, खिडकीतून:
"प्रेशर तं बरं हाय बे!"
जसं काही त्यांनीच आणलं.

मी परत चाकाकडे आलो. उरलेले आटे उघडायचे होते.
तेरा, चौदा, पंधरा,
आणि पाठीमागून शेवंताबाई,
हातात प्लास्टिकची कॅन, शेजारून भरून आणायला निघालेली.
"भाऊ, पानी सस्तं झालं म्हंते."
हो म्हटलं.
"मंग माहा जोड आता कितीत होते?"

फळ्यावर तो आकडा नव्हता.
दर उतरला, जोडणीची फी तीच आहे,
बाकी चारशे दहा तशीच, वर दंड.
हे मी तिला सांगितलं की नुसतं मनात म्हटलं,
खरंच आठवत नाही.
"मॅडमले विचारतो," एवढं नक्की बोललो.
ती कॅन घेऊन पुढे गेली.

सोळा की सतरा?
नव्या चाकाचे आटे अजून पाठ नाहीत.
पूर्ण बंद केलं. नळ पुन्हा खोकले.
कवडूजी ओरडले, काय करून राहिला बावा.
एकापासून सुरू केलं.