जेवणात तूप असू दे

दुसरं गेट पडलेलं. मालगाडी.
सत्तेचाळीस डबे मोजले, मग सोडून दिलं
आणि स्कुटीच्या आरशात बघितलं:
हनुवटीच्या काठानं चार नवे, दोन पिकलेले,
एक कालचा, मीच फोडलेला.
वय चौतीस. मराठीत ह्याला तारुण्यपिटिका म्हणतात.
तारुण्य गेलं वेंगुर्ल्याला,
पिटिका तेवढ्या राहिल्या इथं.

पर्समध्ये कागद आहे, हुक्केरी डॉक्टरीणबाईंनी दिलेला.
वर कन्नड, खाली इंग्रजी, सहीची जागा मधी.
मराठी त्यांनी तोंडानं सांगितली,
धारवाडी हेलात, हळू, दोनदा:
ओठ फुटतील, डोळे कोरडे पडतील,
दर महिन्याला रक्त बघायचं.
आणि मूल नको बघा ह्या दिवसांत,
गोळ्या बंद केल्यावरही महिनाभर नको.
राहिलं तर त्या जिवाला धोका, मोठा.
मग विचारलं, "मन खचतं का कधी? घरात कुणाचं?"

मी हसले.
वडगावची मालूआत्या आठवली,
माग बंद पडला तरी त्याच्या कडेला बसून राहायची,
हाक मारली तर "आले" म्हणायची
आणि यायची नाही.
ते सांगितलं नाही मी.

पतसंस्थेत माझा काउंटर काचेआड.
काचेला बोलायला भोक, ते नेमकं तोंडासमोर.
पिग्मीवाल्यांकडं उपाय, पेन्शनवाल्यांकडं उपाय.
यळ्ळूरची एक बाई पासबुकात घालून
कडुलिंबाचा पाला आणते.
सासूबाई म्हणतात, कुंदा बंद कर.
आणि मग हात पुसता पुसता,
"एक लेकरू झालं की आपोआप जातंय बघ सगळं."

सात वर्षं ऐकतेय.
पहिल्यांदाच कुणीतरी कागदावर लिहून दिलंय:
इतके महिने नको.
शिक्का आधीच मारलेला.
वाचून मला बरं वाटलं.
आता हे कुणाला सांगू?
परशरामला? तो चांगला आहे. खरं

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याची जाऊ हसते ह्याला.
जाईन खरं उशीर होईल.
घेईन खरं भीती वाटते.
जे खरं असतं ते आमच्या वाक्यात
मधीच आडवं पडतं, गेटासारखं.

गेट उठलं. मागून हॉर्नवर हॉर्न.
मेडिकलपुढं थांबून एक पाकीट नुसतं बघायला मागितलं.
चांदीच्या कागदावर प्रत्येक गोळीमागं
एक पोटुशी बाई छापलेली, तिच्यावर तांबडी काट.
दहा गोळ्या, दहा बाया.
"चिठ्ठी आहे न्हवं?" दुकानदार म्हणाला.
आहे की.
पाकीट परत दिलं.

रात्री परशरामपुढं कागद ठेवला.
तो कन्नड शाळेत शिकलेला, वरून वाचत आला.
मी खालून, डिक्शनरी काढून.
दोघं मधल्या मोकळ्या जागेपाशी पोचलो.
तिथं बोट ठेवून तो म्हणाला, "दुखतं का गं ते?"
"रात्री. उशी लागली की."
मग बराच वेळ तो काही बोलला नाही.
आणि मीही,
ते बरं वाटल्याचं, सांगितलं नाही. अजून.

एक राहिलंच.
निघताना बाई म्हणाल्या होत्या,
"उपाशीपोटी नको हं. जेवणात तूप असू दे,
नाहीतर अंगी लागत नाही गोळी."
सोळाव्या वर्षापासून माझ्या ताटातलं तूप
कुणी ना कुणी काढून घेतलंय,
माझ्याच चेहऱ्यासाठी.

आज गोळी नाही, सही नाही.
उद्या आधी फोन, आधी मालूआत्याचं सांगणं,
मग काय ते.
खरं भातावर मी
चमचाभर जास्तच ओतलं.